कोमेजलेले हिरवे पान

जंगलाच्या अगदी मधोमध एक उंच सावरीचे झाड होते आणि त्या झाडाच्या शेंड्याजवळ एक खार राहत असे. मुलांनो, खारी तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील, पण हिच्याइतकी चौकस खार काही तुमच्या पाहण्यात आली नसेल. मुंग्या रांगेतच का चालतात, सावरीचा कापूस उडत उडत शेवटी जातो तरी कुठे, घुबड दिवसा डोळे मिटून कसला विचार करते, असे प्रश्न तिला उजाडल्यापासून पडत. विचारायला कोणी भेटले नाही तर ती स्वतःलाच विचारी, आणि उत्तर पटले नाही तर स्वतःवरच रुसून बसे.

त्या वर्षी उन्हाळा कडक पडला. ओढे आटले, डबकी वाळली आणि पिण्याजोगे पाणी दोनच ठिकाणी उरले. एक होते उत्तरेच्या टेकडीमागचे कुंड आणि दुसरा दक्षिणेकडचा नदीचा डोह. सावरीपासून दोन्ही सारखीच लांब. तहानलेली जनावरे एका पाण्यावर जात, तिथे काही धोका दिसला की मागे फिरत आणि दुसऱ्या पाण्यापर्यंत पोचेतो अर्धमेली होत.

हे सगळे एका कोल्ह्याने पाहिले. हा कोल्हा मोठा कल्पक होता. काही नवे सुचले की त्याची शेपटी आपोआप हलू लागे, आणि ती बहुधा हलतच असे.

तो सावरीखाली येऊन म्हणाला, "खारूताई, आपण पाण्याची खबर द्यायची! रोज सकाळी कुंडावर काय आहे, डोहावर काय आहे, ते आधी कळलं तर कोणाला उगाच पायपीट करावी लागणार नाही. कुंडाजवळ साळिंदर राहतो, डोहात कासव आहे. ते पाहतील आणि तू इथून ओरडून सांगशील."

"पण मग आपण सगळे भेटायचं कुठे?" खारीने विचारले.

"भेटायचंच नाही!" कोल्हा म्हणाला. त्याची शेपटी जोरजोरात हलू लागली. "हीच तर गंमत आहे. ज्याने त्याने आपापल्या घरी राहायचं आणि तिथूनच काम करायचं. साळिंदर रात्रीचा जागतो, कासव दिवसा ऊन खातं, तू पहाटे उठतेस. कोणी कोणासाठी ताटकळत बसायला नको. ती बडबडी बुलबूल निरोप घेऊन सगळ्यांमध्ये ये-जा करील."

निरोपाची पद्धतही त्यानेच ठरवली. पाणी निर्धास्त असेल तर हिरवे पान, धोका असेल तर वाळलेले पान. पान मात्र पाण्याकाठच्याच झाडाचे हवे. म्हणजे पाठवणारा खरोखर तिथे जाऊन आला याची तीच खूण. कुंडावर करंज होता आणि डोहावर जांभूळ, त्यामुळे कुठले पान कुठले हेही लगेच कळे. शब्दांचे निरोप नकोत, असे कोल्ह्याचे स्पष्ट मत पडले. शब्द आले की गप्पा आल्या आणि गप्पा आल्या की उशीर आला. शिवाय चोचीत पान असले की बुलबुलीला बोलता येत नाही, हाही एक फायदाच, असे तो हळूच म्हणाला. बुलबुलीने ते ऐकले आणि दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला.

एवढ्यावर कोल्हा थांबला नाही. त्याने सगळ्यांना हुद्दे वाटले. साळिंदराला 'कुंडप्रमुख' केले, कासवाला 'डोहप्रमुख' आणि खारीला 'खबरप्रमुख'. तिघेही प्रमुख झाले आणि हाताखाली कोणीच नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. खारीला तर हा हुद्दा इतका आवडला की तिने तो चार दिवस घोकला.

काम सुरू झाले आणि काय सांगू, झकास चालले. उजाडता उजाडता बुलबूल दोन पाने आणून टाकी. खार शेंड्यावर चढून शेपटी झुबकेदार करी आणि ओरडे, "कुंड निर्धास्त! डोहावर जाऊ नका!" खाली जमलेले चितळ, सांबर, डुकरे, मोर आपापल्या वाटेला लागत. मग खार कापसाच्या मऊ घरट्यात परत शिरे. कोणाचा डोळा नाही, कोणाची टोचणी नाही. वाटले तर शेंगदाणा खा, वाटले तर शेपूट तोंडावर ओढून डुलकी काढ. अर्थात 'खबरप्रमुख' म्हणजे सगळेच तिच्या गळ्यात होते. डुकरांची तक्रार ऐकायची, मोराला रांगेत उभे करायचे, नव्याने आलेल्या सशाला हिरव्या पानाचा अर्थ समजवायचा. पण ते तिला आवडे. जंगलात पूर्वी कधीच नव्हते असे काहीतरी आपण पाचजण मिळून चालवतो आहोत, या विचाराने तिची छाती फुगे.

फक्त एका गोष्टीने तिला चैन पडत नसे. ज्यांच्यासोबत आपण रोज काम करतो ते दिसतात तरी कसे? कासव तिने एकदा लांबून पाहिले होते. साळिंदर तर मुळीच नाही.

"कसे आहेत गं साळिंदरदादा?" तिने एकदा बुलबुलीला विचारले.

"मला काय माहीत!" बुलबूल म्हणाली. "मी जाते तेव्हा ते बिळात झोपलेले असतात. पान बिळाच्या तोंडाशी ठेवलेलं असतं, ते मी उचलते. एकदा घोरणं मात्र ऐकलं."

"कसं होतं?"

"घोरण्यासारखं होतं."

एवढ्याशा माहितीवर खारीने पुष्कळ काही रचले. एक दिवस तिला वाटे, साळिंदर अस्वलाएवढा असेल आणि तापट असेल, म्हणूनच कधी एक पान जास्त पाठवत नाही. दुसऱ्या दिवशी वाटे, नाही, तो सशासारखा मऊ आणि लाजाळू असेल. पाऊस पडला की एकदा त्याला भेटायला जायचे असे ती रोज ठरवी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागे.

असा महिना गेला. एके सकाळी बुलबुलीने पाने टाकली आणि ती उडून गेली. खारीने करंजाचे पान उचलले आणि तिच्या मिशा थरथरल्या. पान हिरवे होते, पण लोंबत होते. कडा आत वळल्या होत्या. देठ जिथून तुटला ती जागा पार सुकून काळी पडली होती. मुलांनो, खारीचा सारा जन्म पानांत जातो. कोणते पान आज तुटले आणि कोणते तीन दिवसांपूर्वी, हे तिला वासावरून कळते.

"आज तोडलेलं पान असं कसं दिसेल?" ती स्वतःशीच म्हणाली.

नेमका त्याच दिवशी कोल्हा घाईघाईने झाडाखालून चालला होता. डोंगरापलीकडच्या जंगलातही अशीच खबर सुरू करायची असे त्याच्या मनाने घेतले होते.

"कोल्होबा, हे पान पाहा ना! हे कोमेजलेलं आहे."

कोल्ह्याने मान वर करून पाहिले. "हिरवं आहे की नाही?"

"हिरवं आहे, पण..."

"मग झालं तर! उन्हाळ्यात पानं कोमेजायचीच. साळिंदराचं काम साळिंदर पाहील. आपण एकमेकांवर विश्वास टाकायचा म्हणून तर लांब लांब राहतो ना?" एवढे बोलून तो गेलासुद्धा.

हे खारीला पटले असे नाही, पण खोडून काढता येईना. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारी म्हणून आपले नाव होईल, अशीही भीती वाटली. तिने ओरडून सांगितले, "कुंड निर्धास्त!" दुसऱ्या दिवशी पान आणखी मऊ पडले होते. तिने तरीही ओरडून सांगितले, फक्त आवाज थोडा बारीक निघाला.

तिसऱ्या दिवशी मात्र पेच पडला. डोहाकडून जांभळाचे वाळलेले पान आले. आणि कुंडाकडून आले करंजाचे हिरवे पान, पण इतके मरगळलेले की धरले तर बोटांतच दुमडले. बुलबूल पाने टाकून कोल्ह्याकडे डोंगरापलीकडे निघून गेली. ती आता दुपारशिवाय परतणार नव्हती.

झाडाखाली त्या दिवशी चितळांचा कळप थांबला होता. पुढे एक वयस्क चितळीण होती आणि तिच्या पायाशी चार पाडसे. पाडसांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. एक तर बसूनच होते.

"खारूताई, लवकर सांग गं," चितळीण म्हणाली. "काल लांब चरायला गेलो होतो, दिवसभर या लेकरांना पाणी मिळालेलं नाही. कुठे जायचं?"

खारीने हातातल्या पानाकडे पाहिले. 'कुंड निर्धास्त' एवढे दोन शब्द म्हटले की काम संपले. पान हिरवे होते, कोणी तिला बोल लावणार नव्हते. पण ती चार पाडसे आपल्या दोन शब्दांवर टेकडी चढून जाणार, हे तिला समोर दिसत होते.

"चितळताई," ती म्हणाली, "डोहावर धोका आहे. कुंडाचं मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही? अगं, पान तर आलंय! इथून दिसतंय मला हिरवं."

"हिरवं आहे, पण आजचं नाही. मी स्वतः पाहून येते. तुम्ही इथे सावलीत थांबा."

"मग तुमच्या खबरेचा उपयोग काय?" चितळीण चिडून म्हणाली. तहानलेल्याने चिडू नये तर काय करावे? खारीला ते फार लागले. ती लगेच निघाली.

फांदीवरून फांदीवर, झाडावरून झाडावर ती धावत सुटली. टेकडीपाशी झाडे संपली आणि उघडा माळ लागला. वर शिक्रा घिरट्या घालत होता. खार क्षणभर थबकली, मग शेपटी ताठ करून एका दमात माळ ओलांडून गेली. तिच्या छातीत इतके धडधडत होते की पलीकडे पोचल्यावर दगडाला टेकून बसावे लागले.

बीळ सापडले. तोंडाशी करंजाची दोन पाने ठेवली होती, उद्याचे एक आणि परवाचे एक. ओलसर मातीने ती झाकली होती, तरी पार कोमेजली होती.

"साळिंदरदादा!" तिने हाक मारली.

आतून खडखड झाली आणि एक तोंड बाहेर आले. तोंड लहान होते, डोळे त्याहून लहान आणि नाक गमतीदार बोथट. मागे काट्यांचा एवढा मोठा भारा. अस्वलाएवढाही नाही आणि सशासारखा मऊ तर मुळीच नाही! खार आ वासून पाहत राहिली.

"तू कोण?" साळिंदराने विचारले.

"मी खार. खबरप्रमुख."

"तू एवढीशी?" साळिंदर चकित होऊन म्हणाला. "इथवर तुझा आवाज येतो, त्यावरून मला वाटलं, चांगली माकडाएवढी असशील."

खारीला हसू आले, पण तेवढ्यात तिची नजर त्याच्या मागच्या पायाकडे गेली. पाय सुजून टम्म झाला होता.

"हे कधी झालं?"

साळिंदराने मान खाली घातली. "सहा दिवस झाले. कुंडाच्या खडकावरून पाय घसरला. खरं सांगू का, रोज रोज जायला नको म्हणून त्या दिवशी मी पहिल्यांदाच एकदम सात-आठ पानं तोडली होती. कोण पाहतंय? ती घेऊन निघालो आणि पडलो. म्हटलं, उद्या बरं वाटेल, तोवर एक ठेवून देऊ. दुसऱ्या दिवशीही बरं वाटलं नाही. मग कळवायचं तर आदल्या दिवशीचं खोटंही कळवावं लागलं असतं. म्हणून तिसऱ्या दिवशीही ठेवलं."

"पण दादा, कोणाला तरी सांगायचं होतंत!"

"कसं सांगणार?" साळिंदर म्हणाला. "हिरवं पान म्हणजे पाणी ठीक, वाळलेलं म्हणजे पाणी वाईट. साळिंदराचा पाय दुखतो याचं पान कुठलं? आणि इतक्या दिवसांत मला विचारलंही कोणी नाही."

खारीचे डोळे भरून आले. रोज या साळिंदराची चित्रे रंगवण्यात तिने कितीतरी वेळ घालवला होता, पण 'कसे आहात' एवढे दोन शब्द तिने कधी पाठवले नव्हते. शब्दांचे निरोप नकोत असे कोल्हा म्हणाला, आणि इतक्या प्रश्नांची ही खार त्यावर गप्प बसली होती!

बोलायला वेळ नव्हता. ती करंजावर चढली आणि कुंडाकडे वाकून पाहू लागली. पाणी होते, स्वच्छ होते. आणि पाण्याच्या वरच्या खडकावर, झुडपाच्या सावलीत, बिबट्या अंग चेपून पडला होता. त्याच्या शेपटीचे टोक तेवढे हळूच हलत होते. सावरीखालचे ते बसलेले पाडस तिला आठवले.

ती धापा टाकत बिळाशी परत आली. "बिबट्या आहे! डोहावरही धोका आहे. आता त्या लेकरांनी प्यायचं कुठे?"

"डोहावर कसला धोका?" साळिंदराने विचारले.

"वाळलेलं पान आलंय. कसला ते पानावर कसं कळणार?"

"मग कासवाला जाऊन विचार ना! डोह काय एवढासा आहे? मी लहान असताना आई आम्हाला वरच्या अंगाला पाणी प्यायला नेई. तिथे खडकांची रांग आहे, एवढं आठवतं."

खार पुन्हा धावत सुटली. डोहाकाठी कासव ऊन खात बसले होते.

"कासवआजोबा, डोहावर काय झालंय?"

"मगर आलीय," कासव सावकाश म्हणाले. "या काठाला."

"आणि वरच्या अंगाला?"

"तिथे खडक आहेत. पाणी जेमतेम घोट्याएवढं. मगरीला तिथे शिरता येत नाही. खुशाल प्यावं."

"अहो, मग कळवलं का नाहीत?"

कासवाने मान थोडी आत घेतली. "वाळलेलं पान पाठवलं की! अर्ध्या डोहाचं पान असतं का? आणि मला कोणी विचारलं नाही."

दोघांकडून एकच उत्तर ऐकून खारीला एकदम हसू आले आणि लगेच रडूही आले. ती तशीच सावरीकडे पळाली. ऊन डोक्यावर यायच्या आत चितळांचा कळप डोहाच्या वरच्या अंगाला पोचला. चारही पाडसे पोटभर पाणी प्याली, आणि बसून राहिलेले ते पाडस पाण्यात नाक बुडवून फुरफुर करू लागले. खार झाडावरून पाहत होती. तिचा जीव भांड्यात पडला.

दुपारी कोल्हा परतला. डोंगरापलीकडे खबर सुरू करायची सगळी बोलणी झाली, म्हणून त्याची शेपटी हलत होती. खारीने त्याला खाली बसवले आणि पहिल्यापासून सगळे सांगितले. ऐकता ऐकता शेपटी हलायची थांबली.

मग तो म्हणाला, "मी पानाचा रंग पाहत राहिलो. पान पाठवणारा कसा आहे, हे पाहायचं राहूनच गेलं. खारूताई, तू विचारत होतीस आणि मी निघून गेलो."

"मीसुद्धा एकदाच विचारलं आणि गप्प बसले," खार म्हणाली.

त्या दिवशी डोंगरापलीकडचा बेत पुढे ढकलला गेला. चार दिवसांनी बिबट्या कुंड सोडून गेला, तेव्हा खार, कोल्हा आणि बुलबूल साळिंदराच्या बिळापाशी जमले. कासव आदल्या दिवशीच निघाले होते, तरी सर्वांत शेवटी पोचले. आपण ज्यांच्यासोबत महिनाभर काम केले ते हेच, म्हणून सगळे एकमेकांना निरखून पाहत होते. कोणालाही कोणी कल्पनेसारखे वाटले नाही. तिथेच नवी पद्धत ठरली. पान पाठवायचे, पण बुलबुलीने आधी थांबून दोन प्रश्न विचारायचे, 'कसे आहात?' आणि 'काय पाहिलंत?' मिळेल ते उत्तर जसेच्या तसे आणायचे. शब्द आल्यामुळे उशीर झाला तर होऊ द्यायचा. बुलबुलीला ही पद्धत फारच पसंत पडली.

आठवड्याने एका सकाळी बुलबुलीने जांभळाचे हिरवे पान टाकले. करंजाचे पान तिच्याजवळ नव्हते.

"साळिंदरदादा म्हणतात," ती म्हणाली, "पाय पुन्हा ठणकतोय, आज कुंडावर गेलो नाही. तिथलं काही ठाऊक नाही, माफ करा."

खाली चितळांचा कळप उभा होता. खार शेंड्यावर चढली. आज तिचा आवाज जराही बारीक नव्हता.

"डोह निर्धास्त! कुंडाची खबर आज नाही!"

चितळिणीने वर पाहिले. "बरं गं," ती म्हणाली. तिने एकही प्रश्न विचारला नाही. पाडसांना पुढे घालून ती डोहाच्या वाटेला लागली, आणि खार साळिंदराच्या पायाला बांधायला सावरीचा मऊ कापूस गोळा करू लागली.

तात्पर्य : लांब राहून एकत्र काम करणाऱ्यांनी 'सगळे ठीक' या खुणेवर थांबू नये, आपल्या सोबत्याला आपण होऊन विचारावे, आणि आपल्याला कोणी विचारले तर 'मला ठाऊक नाही' हेही न लाजता सांगावे.